सायकल चोरीला गेली, विमा आहे, पण हातातला कागद म्हणतो ‘गहाळ’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीच्या पार्किंगमधून गिअरची सायकल गेली. तीन वर्षांपूर्वी ४८,००० रुपयांना घेतली होती. घराच्या विम्यात सायकलसाठी वेगळा भाग घेतलाय, ४५,००० रुपयांचा. त्याच दिवशी पोलिसांच्या वेबसाइटवर ऑनलाइन नोंद केली, तिची प्रिंट आहे. कंपनी म्हणते एफआयआर आणा. चौकीत म्हणतात, ऑनलाइन केलंय ना, सायकलसाठी कुठे एफआयआर करता. यात नऊ दिवस गेले. क्लेम मिळेल का, की सोडून देऊ?

सोडू नका. मी बावीस वर्षं पुण्यात सर्व्हेअर म्हणून काम केलं. क्लेम आला की जागेवर जायचं, नुकसान बघायचं, कागद तपासायचे आणि कंपनीला अहवाल द्यायचा, हे माझं काम. आगीचे, पुराचे, घरफोडीचे क्लेम जास्त. सायकलींचे त्या मानाने थोडे. पण ते थोडेच जास्त लक्षात राहिलेत. कारखान्याला आग लागली की समोर अकाउंटंट असतो, वकील असतो. सायकलच्या क्लेमला समोर नववीतली मुलगी बसलेली असते, नाहीतर रोज पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणारे निवृत्त गृहस्थ, आणि त्यांना कोणी काही नीट सांगितलेलं नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला वाटतंय की कंपनी अडवणूक करतेय आणि पोलीस टाळताहेत. दोन्ही थोडं थोडं खरं असेल. पण खरी अडचण तुमच्या हातातल्या प्रिंटमध्ये आहे. ती पुन्हा एकदा वाचा. बहुतेक तिच्यावर ‘लॉस्ट अँड फाउंड’ किंवा ‘गहाळ’ असं छापलेलं असेल आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असेल की ही नोंद म्हणजे चोरीची तक्रार नव्हे. ती सोय हरवलेल्या वस्तूंसाठी आहे. मोबाइल रिक्षात राहिला, लायसन्स कुठे पडलं, सिमकार्ड नवीन काढायचंय, अशांसाठी. तिथे तुम्ही स्वतःच ‘माझी सायकल गहाळ झाली’ असं लिहून दिलंय. तुमचा विमा मात्र चोरीचा आहे. हरवण्याचा नाही. कंपनीचा माणूस तुमच्या पॉलिसीतला ‘चोरी’ हा शब्द आणि तुमच्या प्रिंटवरचा ‘गहाळ’ हा शब्द शेजारी ठेवून बघतो, आणि फाइल तिथेच थांबते. मी कंपनीच्या बाजूने बसलो असतो तर मीही थांबवली असती.

तेव्हा पहिलं काम फिर्यादीचं, म्हणजे एफआयआरचं. चोरी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खालचा गुन्हा आहे. जागा बघून पोलीस कधी कलम ३०५ लावतात, त्यात घरातल्या, इमारतीतल्या चोऱ्या येतात. कलम कुठलं लावायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. तुम्हाला माहीत असायला हवा तो ५,००० रुपयांचा आकडा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, त्यात कलम ३०३ खालची ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र झाली. तिची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची साधी नोंद होते, एफआयआर नाही. ‘सायकलसाठी कुठे एफआयआर’ हे वाक्य काही वेळा इथून येतं. ठाणे अंमलदाराच्या डोळ्यांसमोर जुनी काळी सायकल असते. तुमची सायकल ४८,००० ची होती हे त्याला बिल दाखवल्याशिवाय कळणार कसं? म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नका. बिल, सायकलचा फोटो, पॉलिसीची प्रत आणि एक पानी लेखी अर्ज घेऊन जा, आणि अर्जाच्या दुसऱ्या ओळीतच किंमत लिहा. किंमत ५,००० च्या वर गेली की गुन्हा दखलपात्र आहे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तो नोंदवून घ्यायला हवा. हद्दीचा वाद काढला तर कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंद होते. ईमेलने माहिती पाठवली तरी चालते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, तीही घेऊनच या.

तरीही नाहीच म्हणाले तर भांडत बसू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तीही देत नसतील तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने ठाण्याच्या पत्त्यावर आणि वरिष्ठांना पाठवा. गावाकडे पोलीस अधीक्षक, शहरात पोलीस उपायुक्त. कलम १७३(४) मध्ये ही वाट दिलेलीच आहे, आणि त्यापुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. माझ्या अनुभवात तिथवर जायची वेळ क्वचित येते. नीट लिहिलेला अर्ज आणि बिल समोर ठेवलं की बहुतेक ठिकाणी काम होतं.

फिर्याद लिहून घेताना एका वाक्याकडे लक्ष द्या. मराठी फिर्यादीत ते ठरलेलं असतं: ‘कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझ्या संमतीवाचून, स्वतःच्या आर्थिक फायद्याकरिता, लबाडीच्या इराद्याने चोरून नेली आहे.’ हे पोलिसी भाषेचं अलंकरण नाही. चोरी म्हणजे मालकाच्या संमतीशिवाय, लबाडीने, ताब्यातली वस्तू हलवणं. कायद्याची ही व्याख्या त्या एका वाक्यात बसवलेली असते. हे वाक्य आहे, सायकलचा ब्रँड, रंग, फ्रेम नंबर आणि किंमत आहे, कुलूप लावलं होतं हे आहे, शेवटची कधी बघितली आणि नाही हे कधी कळलं त्या दोन्ही वेळा आहेत, एवढं वाचून मगच सही करा. वाचायला मागायचा संकोच करू नका. फिर्याद वाचून दाखवणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.

नऊ दिवसांच्या उशिराचं काय? तो लपवू नका, फिर्यादीतच लिहा. ‘घटना अमुक तारखेची, त्याच दिवशी मी ऑनलाइन नोंद केली, ती पुरेशी आहे असं समजलो, विमा कंपनीने सांगितल्यावर फिर्याद द्यायला आलो.’ हे खरं आहे आणि पटण्यासारखं आहे. ती गहाळ नोंद इथे पहिल्यांदा तुमच्या उपयोगी पडते. घटनेच्या दिवशीच तुम्ही पोलिसांना कळवलं होतं याचा तारखेनिशी पुरावा म्हणून ती अर्जाला जोडा, फेकून देऊ नका.

कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून क्लेम नाकारला, अशी पत्रं मी खूप बघितली आहेत. विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकातच कंपन्यांना बजावलंय की केवळ उशीर झाला म्हणून खरा क्लेम फेटाळू नका. सर्वोच्च न्यायालयाने गुरशिंदर सिंग यांच्या खटल्यात २०२० साली हेच सांगितलं. ट्रॅक्टर चोरीला गेला होता, फिर्याद लगेच दिली होती, कंपनीला मात्र जवळपास पन्नास दिवसांनी कळवलं होतं. न्यायालय म्हणालं, पोलिसांना ताबडतोब कळवलं आणि चोरी खरी आहे, तर कंपनीला उशिरा कळवणं हे क्लेम नाकारायचं कारण होऊ शकत नाही. हा निकाल वाहनाच्या विम्याचा आहे, सायकल मोटार वाहन नाही, त्यामुळे तो तुम्हाला जसाच्या तसा लागू आहे असं मी म्हणणार नाही. पण मुद्दा तोच आहे, आणि पत्रात लिहायला तो उपयोगी पडतो. तरी कंपनीला आजच्या आज ईमेल करा. ‘फिर्याद झाल्यावर सगळं एकदम पाठवतो’ असं करू नका. पॉलिसी क्रमांक, घटनेची तारीख, जागा, सायकलचं वर्णन, ‘फिर्यादीची प्रत मिळताच पाठवतो’ ही एक ओळ, एवढं पुरे. उत्तरात क्लेम नंबर आला की तो वहीत टिपून ठेवा.

आता पॉलिसी. तुमच्या प्रश्नात ‘घराच्या विम्यात सायकलसाठी वेगळा भाग’ असं आहे, म्हणून मला धीर आला. कारण घराचा विमा आहे म्हणजे सायकल आलीच असं समजून बसलेली माणसं मी फार बघितली. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली. ती आग, पूर, भूकंप, वादळ अशा संकटांसाठी आहे. चोरी तिच्यात येते ती अशा संकटामुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झाली तर. पूर ओसरल्यावर उघड्या घरातून सामान गेलं, तर मिळेल. एरवी एखाद्या रात्री पार्किंगमधून सायकल उचलली, तर नाही. पॉलिसीला घरफोडीचं जास्तीचं कलम जोडलं असेल तर दुसरा अडसर येतो. घरफोडी म्हणजे बळाने शिरणं, दार तोडणं, कडी उचकटणं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हरचंद राय चंदन लाल यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की पॉलिसीत घरफोडीची व्याख्या बळाने शिरणं अशी दिलेली असेल, तर साध्या चोरीला तो विमा लागू होत नाही. सोसायटीचं फाटक दिवसभर उघडं असतं. तिथून कोणी चालत आत आला आणि सायकल घेऊन चालत गेला, तर ती घरफोडी ठरत नाही.

सरकारी कंपन्यांच्या जुन्या हाउसहोल्डर पॉलिसीत ‘पेडल सायकल’ नावाचा वेगळा भाग असतो, आणि काही कंपन्यांनी सायकलीची स्वतंत्र पॉलिसीही काढली आहे. तुमचं बहुतेक पहिल्या प्रकारातलं असावं. त्या भागाच्या अटी काढून शांतपणे वाचा. प्रत्येक कंपनीचे शब्द निराळे असतात, म्हणून ठाम सांगत नाही, पण साधारण तीन गोष्टी बघायच्या. नुसते लाइट, पंप, सीट असे सुटे भाग चोरीला गेले तर ते बहुधा मिळत नाहीत. पूर्ण सायकलबरोबर गेले तरच मिळतात. शर्यतीत असताना किंवा भाड्याने दिलेली असताना गेली तर बहुधा मिळत नाही. आणि तिसरी, महत्त्वाची: सायकल कुठे ठेवलेली असायला हवी. ‘घरात’ असं आहे, ‘घराच्या आवारात’ असं आहे, की भारतात कुठेही चालतं? पार्किंग आवारात येतं, घरात नाही. याच एका शब्दावर तुमच्या क्लेमचा बराच भाग अवलंबून आहे. बॅटरीची सायकल असणाऱ्यांनी आणखी एक बघावं. ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची गाडी मोटार वाहन धरली जात नाही, म्हणजे तिला वाहनाचा विमा नाही. आणि पेडल सायकलच्या भागात मोटर बसवलेली सायकल धरतात की नाही हे पॉलिसीवर आहे. कंपनीकडून ते लेखी घ्या.

कुलपाविषयी बोलतो, कारण इथे लोकांचं फार नुकसान झालेलं बघितलंय. सायकल गेल्यावर खाली पडलेली तुटकी केबल वॉचमन झाडून कचऱ्यात टाकतो. ती केबल म्हणजे तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार. कापलेल्या केबलची टोकं मी भिंगाखाली बघायचो. कटरने कापलेली तार सपाट आणि चकचकीत दिसते, जुनी होऊन तुटलेली तार फणीसारखी पिंजारलेली आणि गंजलेली. चकचकीत टोक दिसलं की ‘कुलूप लावलं होतं का’ हा प्रश्न तिथेच संपतो. तुमची केबल मिळाली असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, पंचनाम्यात तिचा उल्लेख करून घ्या, फोटो काढा. नसेल मिळाली तर कुलपाच्या दोन्ही किल्ल्या शोधा. दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे असणं, हाही पुरावाच.

आणि कुलूप लावलंच नव्हतं, तर तसं सांगा. खोटं कुलूप उभं करू नका. वाहनांच्या चोरीत, पॉलिसीची अट मोडली गेली पण ते करारच मोडण्याइतकं मोठं नव्हतं अशा प्रकरणांत, सर्वोच्च न्यायालयाने रकमेच्या ७५ टक्के द्यायला सांगितल्याचे निकाल आहेत. २००८ चा नितीन खंडेलवाल यांचा त्यातला प्रसिद्ध. सायकलच्या पॉलिसीत कुलपाची अट शब्दांत लिहिलेली असेल तर कंपनी तिच्यावर बोट ठेवेल, आणि हा निकाल तुम्हाला वाद घालायला जागा देईल, खात्री देणार नाही. पण एकदा खोटं सापडलं की ७५ टक्के काय, काहीच उरत नाही. कुलूप नव्हतं म्हणणाऱ्या माणसाचा क्लेम मी जमेल तितका पुढे नेलाय. कुलूप होतं म्हणून दुकानातून कालच आणलेली नवी किल्ली दाखवणाऱ्यासाठी मला काही करता आलं नाही.

मग येतो फ्रेम नंबर. ज्यांच्याकडे सायकल अजून आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर खाली जाऊन ती उलटी करा. दोन्ही पेडलचे दांडे जिथे फ्रेमला जोडलेले असतात, त्या आडव्या नळीच्या पोटाशी चिखल आणि ग्रीस यांचा काळा थर असतो. रॉकेलचा बोळा फिरवला की खाली ठोकलेली अक्षरं दिसायला लागतात. रंगाखाली बुजली असतील तर लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो तसं करा, नाहीतर बाजूने टॉर्च धरा. तो नंबर, त्याच्याच फोटोसकट, स्वतःलाच ईमेल करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या सायकली शहरात शेकड्यांनी फिरतात. तुमची ती तुमचीच आहे हे सांगणारी हीच एक गोष्ट.

तुमची सायकल गेली आहे, तेव्हा नंबर कागदात शोधायचा. आधी बिल बघा. पुष्कळ दुकानदार ‘सायकल, १ नग’ एवढंच लिहितात. मग वॉरंटी कार्ड, ब्रँडच्या वेबसाइटवर नोंदणी केली असेल तर तो ईमेल, सर्व्हिसिंगची जॉब कार्डं. दुकानदाराकडे माल आल्याचं रजिस्टर असतं, तिथे जाऊन विनंती करा. बहुतेक जण जुन्या गिऱ्हाइकासाठी पानं उलटतात. एका मुलीच्या सायकलचा क्लेम याच कारणाने अडला होता. बिलावर नंबर नाही, कार्ड हरवलेलं. तिच्या वडिलांना मी म्हटलं, सायकल उलटी असलेला एखादा फोटो आहे का बघा. त्यांनी आठवडाभराने फोन केला. लवळ्याच्या रस्त्यावर पंक्चर झालं होतं तेव्हा मैत्रिणीने काढलेला फोटो. सायकल उलटी, मुलगी हात काळे करून हसतेय. मोठा करून बघितल्यावर त्या नळीवरचे शेवटचे चार आकडे स्पष्ट दिसले. दुकानाच्या रजिस्टरमध्ये त्या मॉडेलच्या पाच सायकली होत्या, त्यांतल्या एकीचेच शेवटचे आकडे तसे होते. क्लेम मंजूर झाला. तो फोटो मी अहवालाला जोडला होता.

क्लेम फॉर्म भरताना फिर्यादीची प्रत समोर ठेवा आणि तेच शब्द लिहा. एका गृहस्थांनी फिर्यादीत ‘पार्किंगमधून’ असं खरं सांगितलं होतं. क्लेम फॉर्म भरायला बसलेल्या एजंटने ‘घरातून’ लिहिलं, म्हणे त्याने क्लेम भक्कम होतो. त्यांची पॉलिसी आवारातल्या चोरीलाही लागू होती! म्हणजे खरं लिहिलं असतं तरी पैसे मिळाले असते. पण दोन कागद दोन जागा सांगत होते, आणि मला अहवालात ते दोन्ही लिहावेच लागले. ते प्रकरण विमा लोकपालांपर्यंत, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत गेलं, वर्षभर लांबलं. माणूस सरळ होता, त्यांच्या चेहऱ्यावरचा अपमान मला अजून आठवतो. म्हणून सांगतो, कोऱ्या फॉर्मवर सही करून कोणालाच देऊ नका.

पैसे किती मिळतील? आकडे घेऊन बघू. समजा तुमची सायकल आज बाजारात ६०,००० ला आहे. तुमची पॉलिसी ‘बाजारभावाने’ असेल तर वापराची घट वजा होते. ती किती हे पॉलिसीवर आणि सायकलच्या स्थितीवर आहे. हिशोबासाठी ३० टक्के धरू. म्हणजे किंमत आली ४२,०००. विम्याची रक्कम ४५,०००, म्हणजे पुरेशी आहे. त्यातून तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, समजा १,०००, वजा केली की ४१,०००. पॉलिसी ‘नवीन वस्तूच्या किमतीने’ असेल तर घट वजा होत नाही, पण विम्याच्या रकमेच्या वर जाता येत नाही. म्हणजे ४५,००० मधून १,००० वजा. कमी रकमेचा विमा घेतलेल्यांना मात्र एक गोष्ट ठाऊक नसते. ४२,००० च्या सायकलचा २१,००० चाच विमा असेल आणि ती पूर्ण गेली, तर २१,००० मिळतात. पण अपघातात फक्त ८,००० चं नुकसान झालं तरी पॉलिसीत सरासरीचं कलम असेल तर ४,०००च मिळतात, कारण अर्ध्याच किमतीचा विमा होता. ज्यांनी हप्ता वाचवायला रक्कम कमी ठेवली त्यांना हे क्लेमच्या वेळी कळतं, तेव्हा वाईट वाटतं.

यानंतर वाट बघणं येतं. काही कंपन्या सायकलीसाठी फिर्याद, पंचनामा आणि हमीपत्रावर पैसे देतात. काही पोलिसांचा अंतिम अहवाल मागतात. आपल्याकडे त्याला ‘अ समरी’ म्हणतात, म्हणजे गुन्हा खरा आहे पण चोर सापडला नाही. तो न्यायालयात मंजूर व्हावा लागतो, वेळ लागतो. नव्या कायद्याप्रमाणे तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला ९० दिवसांत कळवायचं आहे, त्याची आठवण तपासी अंमलदारांना नम्रपणे लेखी द्या. दरम्यान कंपनीला विचारा की अंतिम अहवाल पॉलिसीच्या कुठल्या अटीप्रमाणे हवा आहे. विमा नियामकाने २०२४ साली घालून दिलेल्या नियमांप्रमाणे क्लेमशी थेट संबंध असलेले आवश्यक कागदच मागायचे आहेत, आणि कागद नाहीत म्हणून क्लेम फेटाळायचा नाही. सर्व्हेअर नेमला तर त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा, असंही त्यात आहे. फोनवर या मुदतींचा उल्लेख केला की सूर बदलतो, ईमेलमध्ये केला की काम बदलतं.

नाकारलाच तर नकार लेखी आणि कारणासकट मागा. ‘तुमचा क्लेम बसत नाही’ असं फोनवर सांगितलेलं धरू नका. लेखी कारणाचं महत्त्व असं की कंपनीला नंतर न्यायालयात नवीन कारण काढता येत नाही. सौराष्ट्र केमिकल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे पक्कं केलंय. मग आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, सोबत नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाची वाटही आहे, दोन वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथेही फी नाही. पण तुमच्या रकमेला मी लोकपालांकडेच जाईन.

शेवटचं, सायकल सापडली तर. पैसे मिळण्याआधी सापडली तर ती पोलिसांकडे मुद्देमाल म्हणून जमा होते. न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, ती सोडवून घेता येते. अशा वस्तू ठाण्यात दिवसेंदिवस पडून राहू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलंय. कंपनीला मात्र लगेच कळवा. पैसे मिळाल्यानंतर सापडली तर ती कंपनीची, कारण पैसे घेताना तुम्ही हक्क त्यांच्याकडे वर्ग केल्याच्या पत्रावर सही केलेली असते. त्या पंक्चरच्या फोटोतल्या मुलीची सायकल आठ महिन्यांनी सापडली होती. एक पॅडल मोडलेलं, रंग खरवडलेला, नळीच्या पोटावरचा नंबर शाबूत. वडिलांनी कंपनीला पत्र लिहून ती ठरलेल्या भावाने परत विकत घेतली. ताबा घ्यायला मुलगी स्वतः आली होती. तिने आधी सायकल उलटी केली, नंबरावरून बोट फिरवलं आणि मगच कागदावर वडिलांना सही करू दिली.